मावशीच्या पत्रिकेतली अक्षरं

मावशीने लग्न ठरवलं तेव्हा ती साठीला आली होती आणि तिचे होणारे यजमान साठी ओलांडून पुढे गेले होते. ओळख झाली मुलुंडच्या बागेत, सकाळी फिरताना. मावशीचा पहिला नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. त्यानंतर आमच्या घरातल्या कितीतरी लग्नपत्रिका छापल्या गेल्या, पण निमंत्रकांत विधवेचं नाव कशाला म्हणून तिचं नाव एकाही पत्रिकेत कुणी घातलं नाही. ती कधी काही बोलली नाही. आता मात्र तिने हट्टच धरला. "रजिस्टर लग्न असांदे नायतर काय व असांदे, माका पत्रिका होयी. तुझ्यासारखीच. तीच अक्षरां."

माझी पत्रिका मीच केली होती. अक्षरं कुंचल्याने ओढल्यासारखी, वेलांट्या ऐटीत वळलेल्या. फाइल जपून ठेवलेली होती, त्यामुळे मी बेफिकीरपणे म्हटलं, "रविवारी ये. अर्ध्या तासाचं काम आहे."

रविवारी दुपारी दोघं बोरिवलीला आमच्याकडे आली. काका, म्हणजे होणारे काका, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, जणू फोटो काढायचा आहे. मी नव्या लॅपटॉपवर फाइल उघडली. प्रोग्रॅमने विचारलं, फॉन्ट सापडत नाही, दुसरा घालू का? बोलता बोलता मी 'हो' दाबलं आणि माझं नाव, नवऱ्याचं नाव, आईबाबा, मंगल कार्यालय, सगळ्याची वाट लागली. त्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलर.

"अगो, ह्यां काय झालां?"

"जुना फॉन्ट होता तो. आत इंग्रजीच अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना मराठी कपडे घालतो. या लॅपटॉपवर तो फॉन्टच नाहीये."

"म्हणून सगळी उघडी पडली," काका गंभीरपणे म्हणाले. मग चष्मा वर करून त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव वाचलं, "डॉलर, एच, कंसात के."

मावशीला हसू आवरेना. तिने ओढणी तोंडात कोंबली, तरी खांदे हलत राहिले. तिला बघून मी हसले, आम्हाला बघून काका. खूप वेळ कुणालाच धड बोलता येईना.

शेवटी फॉन्टचा शोध सुरू झाला. जुना कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला होता. पत्रिका छापणारी अंधेरीची प्रेस बंद झाली होती. "पण तू प्रेसला फाइल पाठवलीस कशी?" काकांनी विचारलं. ईमेलने. मी जुने पाठवलेले ईमेल खणले आणि फाइलच्या शेजारी फॉन्ट सापडला. तो लॅपटॉपवर चढवला, तरी डॉलर हलेनात. मग लक्षात आलं, प्रोग्रॅम उघडाच होता. तो बंद करून पुन्हा सुरू केला आणि मूळ फाइल पहिल्यापासून उघडली. सगळी अक्षरं जागच्या जागी. मावशीने टाळी वाजवली.

आता नावं बदलायची. मी रोजच्या सवयीने मराठी टाइप केलं, तर नुसते रिकामे चौकोन आले. या फॉन्टमध्ये कुठल्या बटणावर कुठलं अक्षर बसतं, ते मी पार विसरले होते. मग एकेक बटण दाबून बघणं आलं. काकांनी शिफ्टवर बोट धरलं आणि मावशी बाकीची बटणं दाबायला लागली.

"क गावलो."

"आता काना शोध, मावशी."

"तुमी शिफ्ट सोडू नकात हां. सोडलास तर ळ येता."

"सोडतोय कुठे," काका म्हणाले. बोट खरंच पांढरं पडलं होतं.

काकांच्या आडनावात एक जोडाक्षर होतं, ते कुठल्याच बटणावर मिळेना. मी फॉन्टमधले सगळे आकार एकत्र दाखवणारी खिडकी उघडली. मावशीने स्क्रीनला नाक लावून ते हुडकून काढलं.

तिच्या नावाआधी माझ्या पत्रिकेतलं 'चि. सौ. कां.' तसंच होतं. मी ते खोडायला गेले, तर तिने माझा हात धरला.

"रवांदे गो."

"मग मलाही चि. हवं," काका म्हणाले. तेही राहिलं. खाली निमंत्रक म्हणून कुणा थोरामोठ्याचं नाव घालायचं होतं. मावशी म्हणाली, आमचीच दोघांची घाल.

पत्रिका तयार झाली आणि मावशीने ती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. गावाकडच्या थोरल्या भावाची तिला धास्ती होती. या लग्नाबद्दल तो अजून तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. थोड्याच वेळात त्याचाच फोन आला. मावशीने ओढणी सारखी केली, ताठ बसली आणि स्पीकर लावला.

"पत्रिका बघितलंय," मामा म्हणाला. "जेवाक किती वाजता येवचां?"

मावशीने फोन काकांच्या हातात दिला. काकांनी घसा साफ केला, नमस्कार केला, वेळ सांगितली, आणि पाहता पाहता दोघं जेवणात सोलकढी हवी की नको यावर बोलू लागले. मावशी स्वयंपाकघरात पळाली. तिने चहा टाकला आणि साखर घातली की नाही, हे ती मला पुन्हा पुन्हा विचारत राहिली.