नाक आमच्याकडचं

बाळाची नाळ कापून होते न होते तोच आमची आत्या त्याची वाटणी करून मोकळी व्हायची. घराण्यात कुणी बाळंत झाल्याचं कळलं की ती सटाण्याहून पहिली एसटी पकडून नाशकात हजर. चष्मा पुसायचा, दुपटं बाजूला सारायचं आणि निकाल द्यायचा, "नाक आमनं शे." लग्न होऊन सटाण्याला गेल्यापासून तिचा नाकाचा निकाल अहिराणीतच लागे. नाक, कपाळ, लांब बोटं हे सगळं आमच्याकडचं. बसकं, तिरकं, काळं जे काही असेल ते त्या बिचाऱ्या बाळंतिणीच्या माहेरचं.

ही वाटणी पुढेही चालू राही. चुलतभावाचा मुलगा चौथीत पहिला आला तेव्हा त्याचं डोकं आमचं होतं. दहावीत गणितात गचकल्यावर ते रातोरात त्याच्या आजोळी गेलं. त्याला चष्मा लागला तोही आईकडूनच. आमच्या आजोबांच्या जाड भिंगांची आठवण करून दिली तर आत्या म्हणाली, "बापूंचा चष्मा वाचून वाचून लागलेला. ह्याचा उपजत हाय."

माझ्या वाट्याला आलेला निकाल होता, "रंग आईकडचा." आत्या स्वतः चांगली सावळी होती, पण तिला आरसा दाखवायची कुणाची छाती नव्हती. पुढची बारा वर्षं आई दर रविवारी मला हळद आणि डाळीचं पीठ लावून घासत राहिली. मला आत्याचा राग होता, आणि तो मी जपून ठेवला होता.

मी जीवशास्त्र शिकले, ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागले आणि एका दिवाळीत आत्याला पत्त्यांसकट गाठलं. तिच्यासमोर लाल-काळ्या पत्त्यांच्या जोड्या लावल्या. "ही आपली गुणसूत्रं, लाल आईकडून आलेली, काळी बापाकडून. आपल्या अंगात बीज तयार होतं तेव्हा अशा जोड्या शेजारी येतात, आपसात तुकडे बदलतात." दोन पत्ते फाडून तुकडे बदलूनही दाखवले. "मग प्रत्येक जोडीतलं एकच बीजात जातं. कुठलं जाईल ते कुणाच्या हातात नाही. बाईचं असो की पुरुषाचं, प्रत्येक बीज निराळं. म्हणून सख्खी भावंडंही सारखी नसतात."

आत्याने मन लावून ऐकलं. "म्हंजे जोडीतलं एक मागंच राहातं?"

"हो."

"मग तुझ्या बापाचा रंग मागं राह्यला बघ. आईचा तेवढा घुसला. आन् आता रमी कशी खेळायची? पत्ते फाडले ना तू."

इतक्या वर्षांत हा धडा इतक्या लवकर कुणाला समजला नव्हता.

पुढे आम्ही मुलगी दत्तक घेतली. आठ महिन्यांची, माझ्याहून सावळी. आत्याला मी मुद्दामच कळवलं नाही. तरी ती आलीच. मी मनाशी ठरवलं होतं, ही एक शब्द जरी वाकडा बोलली तरी हिला परत दाराशी उभं करायचं नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली.

आत्याने चष्मा पुसला. पोरीला मांडीवर घेतलं, कान पाहिले, तळवे पाहिले.

"नाक आमनं शे," ती म्हणाली. "कान जावयाकडचे. लयच वाईट."

नवरा हसला. मी मात्र घाबरून आईकडे पाहिलं, कारण ती पुढे आली होती.

"आणि रंग, वन्सं?"

इतक्या वर्षांत आईने तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. आत्याने पोरीचा हात आपल्या हाताशेजारी धरला.

"रंग माझा हाय," ती म्हणाली.

आई आत जाऊन चहा ठेवू लागली. मी जन्मभर शिकवलेलं सगळं शास्त्र गिळलं, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. फक्त माझ्या रंगाचा निकाल काही आत्याने मरेपर्यंत फिरवला नाही.

ती गेली त्याला वर्ष होईल. गेल्या महिन्यात धाकट्या भावाला मुलगा झाला. दवाखान्यात आमची नऊ वर्षांची कन्या सगळ्यांना ढकलून पुढे घुसली, दुपटं बाजूला सारलं, डोळे बारीक केले.

"नाक आमनं शे," तिने जाहीर केलं. "ओठ मामीकडचे."

भावजयीचा चेहरा पडला. "अहो ताई, ही सवय हिने कुणाची उचलली?"

"आमच्याकडचीच आहे," मी म्हटलं.