आशाताईंचा बिनलॉकचा फोन

निवृत्तीनंतर बहुतेक गुन्ह्यांचे तपशील एकमेकांत मिसळून जातात. ही घटना मात्र अजून जशीच्या तशी वेगळी आठवते. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. बाजारात एक मोबाईल गेला होता.

गोंदिया जिल्ह्यात देवरीपलीकडच्या जंगलपट्ट्यातले एक ठाणे तेव्हा माझ्याकडे होते. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारनंतर मोबाईल हरवल्याचे अर्ज येणार, हे ठरलेले असे. अर्जदारांपैकी बहुतेकांना फोन परत मिळेल असे वाटत नसते. त्यांना नवे सिमकार्ड काढण्यासाठी पोलिसांचा दाखला हवा असतो. ठाणे अंमलदार 'गहाळ' अशी नोंद घेतो, शिक्का मारतो आणि माणूस उठून जातो.

त्या दिवशी एक बाई उठून गेली नाही. ती जवळच्या गावातली आशा कार्यकर्ती होती. घरोघरी जाऊन बाळंतिणी, लहान मुले आणि आजाऱ्यांची विचारपूस करणे हे तिचे काम. गावात सगळे तिला आशाताई म्हणत.

"ताई, झालं तुमचं. दाखला घ्या अन् निघा," अंमलदार हवालदार म्हणाले.

"दाखला कायले करू? फोन नाही भेटला तरी चालते. त्यातलं बाहेर नाही गेलं पाहिजे."

"एवढं काय आहे त्यात? नोटा छापता का फोनात?"

"गावातल्या बायांची दुखणी आहेत, भाऊ. तुमच्या घरच्या बाईचं असतं तं असे हासले असते का?"

हवालदारांचे हसू थांबले. मी तिला माझ्या खोलीत बोलावले.

तिच्या पिशवीची एक बाजू ब्लेडने कापलेली होती. म्हणजे प्रकार गहाळ होण्याचा नव्हता, चोरीचा होता. तसा गुन्हा नोंदवायला सांगून मी फोनमध्ये काय आहे ते विचारले. तिने सांगितले ते असे.

आमच्या भागात बऱ्याच घरांत सिकलसेल आहे. हा रक्ताचा आजार आईबापांकडून मुलांत येतो. जो केवळ वाहक असतो, तो सहसा निरोगी आयुष्य जगतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर मुलाला आजार होण्याचा धोका असतो. म्हणून लग्नाआधी दोघांनी तपासणी करावी, एवढाच डॉक्टरांचा सल्ला असतो. सोयरिकीच्या बोलण्यात मात्र वाहक आणि रुग्ण हा फरक कोणी करत नाही. 'त्या घरात सिकल आहे' एवढे वाक्य नाते मोडायला पुरते.

तपासणीनंतर मिळणारी कार्डे लोक पेटीत, फडताळात, धान्याच्या कणगीमागे ठेवतात आणि ऐनवेळी ती सापडत नाहीत. म्हणून आशाताई कार्ड हातात पडताच त्याचा फोटो काढून ठेवी. गावातल्या कितीतरी मुलींची कार्डे त्या फोनमध्ये होती. आणि फोनला लॉक नव्हते.

"लॉक काऊन नाही टाकलं?" मी विचारले.

"रात्री-बेरात्री कोणाच्या पोटात दुखून राहते, सायेब. मी घरी नसलो तं सासू फोन घेते, सासू नसली तं शेजारीण घेते. ॲम्ब्युलन्स बोलवायले त्या लॉक कशा उघडतीन?"

तिचा फोन कुटुंबाचा नव्हता, जवळजवळ गावाचा होता. बिनलॉकचा ठेवण्यामागे निष्काळजीपणा नव्हता. तिच्या हिशेबाने ती सोय होती. मी माझा फोन लॉक करून तिच्यापुढे धरला आणि लॉक न उघडताही आपत्कालीन कॉल कुठून लावायचा ते दाखवले. तिने ते दोनदा पाहिले.

"मंग हे आमाले कोणी सांगतलं काऊन नाही?"

फोनमध्ये माहिती भरायला शिकवणारे पुष्कळ असतात, ती झाकून ठेवायला शिकवणारे कमी.

चोरीला गेलेला फोन दुरून लॉक करता येतो, त्यातली माहिती पुसताही येते. त्यासाठी फोनमधल्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड लागतो. मी तो विचारला.

"आयडी दुकानवाल्यानंच बनवून देला होता. पासवर्ड त्यालेच मालूम."

हे आमच्याकडे सर्रास चालते. नवा फोन घेताना दुकानदार खाते उघडून देतो, पासवर्ड तोच ठरवतो, गिऱ्हाईक फक्त गाणे वाजते का ते पाहते. तो दुकानदार दुकान बंद करून परराज्यात गेला होता. दुरून पुसण्याचा मार्ग तिथेच संपला.

उरले ते नेहमीचे काम. सिम त्याच दिवशी बंद केले. बँकेला कळवले. फोनचा खोका तिच्या घरी शाबूत होता. त्यावरचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, शासनाच्या पोर्टलवर चढवला. चोरीच्या फोनमध्ये कोणी दुसरे सिम टाकले की त्याची सूचना ठाण्याला मिळते.

सूचना येण्याआधी एक माणूस आला. आशाताईंच्याच गावचा, धानाची शेती असलेला. तो अंमलदाराच्या टेबलापाशी थांबला नाही. थेट माझ्या खोलीत येऊन त्याने दार लोटले आणि स्वतःचा मोबाईल टेबलावर ठेवला. अनोळखी क्रमांकावरून त्याला एक फोटो आला होता. त्याच्या मुलीचे सिकलसेलचे कार्ड. खाली मजकूर होता: नाते स्वतःहून मोडा, नाहीतर हे पोराच्या घरी जाईल.

मुलीचे लग्न ठरले होते. धान निघाल्यावर तारीख धरायची होती. मुलगी वाहक होती. तिने होणाऱ्या नवऱ्याला ते आधीच सांगितले होते आणि त्यानेही तपासणी करून घेतली होती. तो वाहक नव्हता, त्यामुळे डॉक्टरांच्या दृष्टीने अडचण नव्हती. मुलाच्या आईवडिलांना मात्र यातले काहीच माहीत नव्हते.

"तक्रार लिहू नोका, सायेब," मुलीचा बाप म्हणाला. "कागद झाला का गावभर होते. फक्त त्याले पकडा अन् चूप करा."

तक्रारीशिवाय या धमकीसाठी कोणाला पकडता येत नाही, हे त्याला समजावण्यात बराच वेळ गेला. शेवटी त्याने सही केली. सही करताना त्याने दार लागले आहे का, हे पुन्हा पाहिले.

मेसेज आलेला क्रमांक आणि त्यानंतर पोर्टलवर दिसलेला क्रमांक एकच निघाला. तो सडक अर्जुनीजवळ महामार्गावरच्या एका ढाब्यावर काम करणाऱ्या तरुणाच्या नावावर होता. आमचे पथक पोहोचले तेव्हा तो ट्रकवाल्यांना ताटे वाढत होता आणि फोन त्याच्या शर्टाच्या खिशात होता. पंचांसमक्ष तो जप्त केला आणि तरुणाला चौकशीसाठी आणले.

"फोन चोरीचा आहे, मालूम होतं?"

"नाही, सायेब. गोंदियाच्या दुकानातून घेतला."

"आणि मेसेज?"

"कोनता मेसेज?"

विचारलेलाच प्रश्न परत विचारणारा माणूस वेळ मिळवत असतो. मी तो मिळू दिला. चहा मागवला. त्याने कप हातात धरला, प्यायला नाही.

जप्तीतला फोन तोपर्यंत पाहून झाला होता. त्यातून एकच फोटो बाहेर गेला होता, एकाच घरी. पैशाची मागणी नव्हती. ब्लॅकमेल करणारा माणूस एका घरावर थांबत नाही. त्याच्या हातात सगळे गाव होते.

"इतक्या पोरींची कार्डं होती," मी म्हणालो. "त्यातली एकच काऊन निवडली?"

त्याने कप टेबलावर ठेवला. मग बोलायला लागला तो थांबला नाही.

"मायी बहीण पाहाले आले होते ते लोक. चहा पेले, पोहे खाल्ले, पोरगी पसंत हाये म्हनले. मंग मधातल्या मानसाकून सांगून धाडलं का, तुमच्या घरात सिकल हाये म्हनते. तिची तपासनीबी नव्हती झाली, सायेब! नुसतं कोनीतरी बोललं. आता ह्या फोनात ह्या पोरीचं कार्ड दिसलं. नाव वाचलं, गाव वाचलं. बापाचा नंबरबी ह्याच फोनात होता. हिचं तिथंच ठरलं हे समाजात सगळ्यायले मालूम. हिले घेऊन राहिले ना ते? मंग माया बहिनीनं काय घोडं मारलं होतं?"

"तुझ्या बहिणीचं जे झालं, तेच तू दुसऱ्याच्या बहिणीचं करून राहिला होतास," शेजारी बसलेले हवालदार म्हणाले.

"मालूम हाये," तो म्हणाला आणि मग चहा प्यायला.

त्याला फोन विकणारा गोंदियाचा दुकानदार सापडायला वेळ लागला नाही. जुना फोन घेताना त्याने कागदपत्रे पाहिली नव्हती आणि विकताना आतली माहिती पुसली नव्हती.

"साहब, फॉरमॅट मारू तो गाना-वीडियो सब साफ," तो सांगू लागला. "गिराईक खाली फोन लेताइच नहीं. भरा हुआ माँगता है."

हे खरे होते. खेड्यातले गिऱ्हाईक जुना फोन घेताना त्यात किती गाणी आहेत ते विचारते. त्यापुढची गोष्ट अधिक गंभीर होती. दुसऱ्या फोनमध्ये गाणी भरता यावीत म्हणून त्याने आशाताईंच्या फोनमधले सगळे दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले होते. गाण्यांबरोबर फोटोही. कॉम्प्युटर जप्त झाला. तोवर त्यातून कोणाच्या फोनमध्ये काय गेले, हे दुकानदाराला सांगता येईना आणि आम्हालाही ठरवता येईना. फोन चोरणारा शेवटपर्यंत मिळाला नाही.

मुलीचा जबाब नोंदवायचा होता. ती वडिलांबरोबर आली. महिला शिपायासमोर जबाब देऊन झाल्यावर तिने मला विचारले, "फोटो मिटला का, सायेब?"

"फोन आणि कॉम्प्युटर आमच्या ताब्यात आहेत. केस संपली की न्यायालयाच्या आदेशाने तिथला मिटेल. आणखी कुठे गेला असेल तर मला सांगता येणार नाही."

बापाने डोक्याला हात लावला.

"मंग मीच जाऊन सांगतो त्याईले."

"वेडी झाली का? सांगतलं तं मोडते," बाप म्हणाला.

"मोडलं तं मोडलं, बाबा. तुमचा मोबाईल वाजला का तुमी दचकून राहिले. जेवताना उलटा ठेवून राहिले. लग्न झाल्यावरबी असंच दचकत राहान का?"

बापाने हातातला मोबाईल खिशात टाकला.

ती आशाताईंना घेऊन मुलाच्या घरी गेली. मुलगा तिच्या बाजूने बसला. तिथे काय झाले ते मला नंतर तिच्या वडिलांकडून कळले. मुलाचे वडील ऐकता ऐकता उठून गोठ्याकडे निघून गेले. आई बसून राहिली. तिने आशाताईंना एवढेच विचारले, "हे तपासनं मायंबी करता येते का?" लग्न थोडे लांबले, पण झाले.

ढाब्यावरच्या तरुणावर आणि दुकानदारावर आरोपपत्र दाखल झाले. त्या तरुणाच्या बहिणीचे नाव कागदात कुठे येणार नाही, एवढी काळजी घेता आली.

या तपासानंतर मोबाईल चोरीचा अर्ज आला की मी आधी फोनची किंमत विचारत नसे. त्यात कोणाचे काय आहे, ते विचारत असे. फोन एकाचा असतो, त्यातली माहिती अनेकांची असते, आणि त्यांच्यापैकी कोणी बाजारात गेलेलेही नसते. पोलीस वस्तू परत आणू शकतात. एकदा पाहिलेली गोष्ट न पाहिलेली करणे कोणत्याही खात्याच्या हातात नाही. म्हणून लॉक आधी लावायचे, पासवर्ड स्वतःच्या डोक्यात ठेवायचा आणि फोन दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तो रिकामा करायचा. हे मी नंतर प्रत्येक गावातल्या बैठकीत सांगत गेलो.

न्यायालयाच्या आदेशाने फोन परत देण्याची वेळ आली तेव्हा आशाताई ठाण्यात आली. नियमाप्रमाणे फोन चालू करून पाहिला आणि तिने तिथेच बसून त्याला लॉक लावले. आकडे टाकताना तिने हवालदारांकडे पाठ केली. सहज बोलता बोलता मी विचारले, "त्या मुलाच्या आईच्या तपासणीचं काय निघालं?"

तिने फोन कमरेच्या पिशवीत टाकला आणि चेन ओढली.

"ते तुमाले कायले पाहिजे, सायेब?" ती म्हणाली आणि सही करायला पेन मागितला.