दार नसलेला सज्जा

आमच्या नाटक कंपनीत पडदेमास्तरांइतकी ठिकाणं कुणी रंगवली नाहीत आणि त्यांच्याइतकी कमी ठिकाणं कुणी पाहिली नाहीत. आम्ही नटमंडळी ट्रंका घेऊन गावोगाव हिंडायचो. ते मात्र कंपनीच्या गोदामात, जमिनीवर पसरलेल्या कापडावर उकिडवे बसून समुद्र, अरण्य, बर्फाची शिखरं काढत असायचे. समुद्र तयार व्हायचा, वाळायचा, गुंडाळला जायचा आणि आमच्याबरोबर ट्रकमधून निघून जायचा. मास्तर हात पुसून दुसरा समुद्र हाती घ्यायचे.

माणूस उंच, पाठीत वाकलेला, बोलायला अत्यंत कंजूष. कानाच्या पाळीवर कायम कुठल्या तरी रंगाचा ठिपका. "आज काय काढताय?" असं त्यांना कुणी विचारत नसे. त्यांचा कान पाहिला की कळायचं. निळा असेल तर आकाश, हिरवा असेल तर जंगल.

राणीच्या नाटकासाठी त्यांना राजवाडा काढायचा होता. डोंगरातल्या त्या जुन्या गावातला, कारण नाटक तिथल्याच राणीचं. राणी अर्थातच मी होते. नाटक लागायला नऊ दिवस राहिले होते. मास्तर म्हणाले, "एकदा जाऊन बघून येतो."

दिग्दर्शक म्हणाले, "तुम्ही बघून येईपर्यंत इकडे पडदा उघडलेला असेल. द्या काहीतरी ठोकून."

मास्तरांनी घरून बिस्किटांच्या डब्याचं झाकण आणलं. त्यावर एक राजवाडा होता. कुठल्या देशातला, ते बिस्किटवाल्यालाच ठाऊक. तो पाहून त्यांनी आठ दिवसांत राजवाडा उभा केला, आणि शेवटचे दोन दिवस तर दाढ दुखत होती म्हणून तोंडाला फडकं बांधून. रंगीत तालमीला पडदा वर चढला आणि आम्ही सगळे आ वासून पाहत राहिलो. दगड असे, की हात लावला तर गार लागतील. मधोमध नक्षीदार कठड्याचा एक सज्जा. दिग्दर्शकांनी मान तिरकी केली.

"मास्तर, राणी या सज्जात येणार कुठून? दार कुठाय?"

मास्तरांनी सुजलेल्या गालावर हात ठेवून वर पाहिलं. "राहिलं."

"राहू दे. प्रेक्षक सज्जाकडे बघायला लागले तर राणीकडे कोण बघणार?"

हे वाक्य मी पुढची वीस वर्षं जपून वापरलं, पण ते असो. पुढचा घोटाळा दिग्दर्शकांनीच केला. जाहिरातीत त्यांनी छापायला दिलं: 'प्रत्यक्ष स्थळी दोन महिने राहून रंगवलेले देखावे.' ज्या छापखान्यात ही जाहिरात छापली गेली, तिथे मुद्रितं तपासायला एक मुलगी होती. चष्मा, दोन वेण्या, कानामागे लाल पेन्सिल. तिच्या नजरेतून एक स्वल्पविराम सुटत नसे, असा तिचा दरारा. जाहिरात तपासताना ती त्या ओळीपाशी थांबली. एका राजवाड्यासाठी दोन महिने डोंगरात जाऊन राहणारा माणूस! तिने नाटक पाहिलं. मध्यंतरात ती मागे आली आणि मास्तरांना म्हणाली, "तिथे थंडी फार असेल ना हो?"

मास्तर म्हणाले, "असते."

बस्स. आयुष्यातली पहिली थाप, तीही एका शब्दाची. एवढ्यावर त्यांचं लग्न जमलं.

ती मुलगी म्हणजे आमच्या वहिनी. संसार छान झाला. कंपनी बंद पडली, मास्तर दुकानांच्या पाट्या रंगवू लागले, वहिनी छापखान्यात मुख्य मुद्रितशोधक झाल्या, मुलगी शिकली. मात्र घरी पाहुणे आले की वहिनींचं एक वाक्य ठरलेलं असे. "आमचे हे तरुणपणी डोंगरात दोन महिने एकटे राहिलेत." पाहुणे कौतुकाने मान डोलवायचे आणि मास्तर पाणी आणायला आत जायचे. खरं सांगायचं राहून गेलं. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर दोघं हसले असते. दहाव्या वर्षी भांडण झालं असतं. चाळिसाव्या वर्षी काय झालं असतं, हे पाहण्याची मास्तरांची हिंमत नव्हती.

एक्केचाळिसाव्या वर्षी मुलीने नवी गाडी घेतली आणि जुनी आणून आईवडिलांच्या दारात लावली. वहिनींनी त्याच दिवशी नकाशा उघडला.

"अहो, आता तुमचा राजवाडा दाखवा मला."

पुढच्या प्रवासाची हकिकत मला दोघांनी वेगवेगळी सांगितली. मास्तरांनी फोनवर, घसा खाकरत. वहिनींनी माझ्या घरी समोरच्या खुर्चीत बसून. दोन्ही जुळवून लिहिते आहे.

वाट दीड दिवसाची. मास्तरांना सहा दिवस लागले. पहिल्याच घाटात त्यांनी तीन वेळा गाडी थांबवली. एकदा इंजिन तापलं म्हणून, एकदा इंजिन तापेल म्हणून, आणि एकदा दरी बघायला. चहाची टपरी दिसली की गाडी आपोआप डावीकडे वळायची. पायथ्याच्या जुन्या गावात तटबंदी होती. मास्तर तिच्या कडेकडेने अख्खा फेरा मारून आले. दुसऱ्या गावात सात कमानींचा दगडी पूल. तो त्यांनी पलीकडून पाहिला, अलीकडून पाहिला, मग खाली उतरून पाहिला. तिसऱ्या गावात घड्याळाचा मनोरा होता, आणि घड्याळ बंद. वहिनी म्हणाल्या, "झालं ना बघून?"

"वर चढून बघू या. जिना किती पायऱ्यांचा आहे ते तरी कळेल."

"बंद घड्याळ वरून बघितलं तर चालू दिसतं का?"

पण बोलता बोलता त्या चढल्या. वर वारा होता, बसायला दगडी कट्टा होता, आणि एक्केचाळीस वर्षांत नवरा पहिल्यांदाच कुठेही जायची घाई न करता शेजारी बसला होता. मास्तर समोरच्या रांगांकडे पाहत होते. लांबचे डोंगर निळे दिसतात हे त्यांनी फक्त ऐकलं होतं आणि ऐकीव माहितीवर आयुष्यभर निळे काढले होते. ते समाधानाने म्हणाले, "बरोबर रंगवलेत."

"कुणी?"

"कुणी नाही. बस तू."

संध्याकाळी धर्मशाळेतून वहिनींनी मुलीला फोन केला. "तुझे बाबा एकदम बदललेत गं. आधी बाजारात माझ्या चार पावलं पुढे चालायचे. आता जागोजागी थांबतात. मला खिडकीतून काय काय दाखवतात. या वयात माणूस असा होतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." पलीकडच्या खाटेवर तो बदललेला माणूस उरलेले घाट मोजत पडला होता. राजवाडा आता फक्त दोन घाटांवर होता. डब्याच्या झाकणावरचा राजवाडा तिथे नसणार, बायको विचारणार, आणि आपल्याकडे उत्तर नसणार.

सहाव्या दिवशी निमित्तं संपली. गाडी लावून दोघं चालत निघाले. मास्तर दोन पावलं मागे, मान खाली. गल्ली वळली. वहिनी जागच्या जागी थांबल्या.

"अगं बाई! अहो, अगदी तस्सा!"

मास्तरांनी मान वर केली. समोर त्यांचा पडदा उभा होता. दगडाचा. तेच बुरूज, त्याच खिडक्या, तोच नक्षीदार कठडा. आणि मधोमध सज्जा, ज्याला दार नाही.

समोर पंचवीसतीस लोक उभे होते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या गाईडबाई कर्ण्यातून बोलत होत्या. "नीट बघा मंडळी. सज्जा आहे, पण सज्जात यायला वाट नाही. का? राजा लढाईवर गेला तेव्हा राणी इथे उभी राहिली. म्हणाली, तुम्ही येईपर्यंत मी आत पाऊल टाकणार नाही. आणि तिने मागचं दार दगडांनी चिणून घेतलं!"

गर्दीतून उसासा उमटला. एका नव्या नवरीने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. वहिनींनी चष्मा काढून डोळे पुसले, परत लावला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"दोन महिने इथे राहिलात आणि ही गोष्ट मला एकदाही सांगितली नाहीत?"

आता पाहा हं. मी रंगभूमीवर बरेच पेच पाहिलेत, पण असा लिहिलेला पाहिला नाही. गप्प बसावं तर मास्तर सुटले होते. थाप कायमची खरी झाली होती, तीही दगडात. पण ज्या माणसाचं नाव जाहिरातीत कधी छापलं गेलं नाही, त्याने काढलेला राजवाडा समोर उभा होता आणि माणसं त्याच्याकडे बघून रडत होती. तो माझा आहे असं म्हणायचं, तर मी इथे कधी आलोच नव्हतो, हेही म्हणावं लागत होतं.

मास्तर म्हणाले, "दार मी विसरलो."

"काय?"

ते मोठ्याने म्हणाले, "दार मी विसरलो! दाढ दुखत होती. हा नाटकाचा पडदा आहे. मी काढला. मी इथे आज पहिल्यांदा येतोय."

सगळे वळून पाहू लागले. गाईडबाईंनी कर्णा खाली केला. रोज माणसं हाताळणाऱ्या बाई त्या. प्रेमाने म्हणाल्या, "काका, मागच्या महिन्यात एक जण आले होते. ते गेल्या जन्मी इथले राजे होते. त्यांनाही मी रांगेतच उभं केलं. तुम्ही सावलीत बसता का जरा?"

मास्तर सावलीत बसले नाहीत. ते तडक नगरपालिकेच्या कार्यालयात गेले, मागून वहिनी. तिथल्या कारकुनाने जे सांगितलं ते असं: मूळ राजवाड्याचा पुढचा भाग फार पूर्वी पावसात ढासळला. पंधरा वर्षांपूर्वी तो पुन्हा बांधायचं ठरलं तेव्हा नकाशा सापडेना. मग कुणाच्या तरी घरात एका जुन्या कॅलेंडरवर राजवाड्याचा फोटो मिळाला. गावातल्या म्हाताऱ्यांना दाखवला. सगळे म्हणाले, "हो, हो, अस्साच होता." तो फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावला होता. खाली लिहिलं होतं, 'राजवाडा, पडण्यापूर्वी.'

"हा आमच्या नाटकाचा फोटो आहे," मास्तर म्हणाले. "नटांना कापून टाकलंय. ही बघा, पडद्याला घडी पडलीय इथे."

"घडी कॅलेंडरला पडलीय," कारकून म्हणाला.

"आणि हे कोपऱ्यात कुणाचं तरी कोपर आहे, ते?"

"खांब आहे तो."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. एवढा एक प्रेक्षक पटला असता तरी त्यांना पुरे होतं. वहिनींनी मोबाइलवर त्या चौकटीचा फोटो घेतला, मोबाइल पर्समध्ये टाकला आणि हळूच म्हणाल्या, "चला आता. लोक बघतायत. दोन महिने राहिलात हे काय कमी होतं, की आता राजवाडाही तुम्हीच बांधलात?"

असं झालं. थाप त्यांनी एका शब्दात मारली होती, ती एक्केचाळीस वर्षं टिकली. खरं त्यांनी चारचौघांत ओरडून सांगितलं, ते दहा मिनिटंही टिकलं नाही.

परत आल्यावर चार दिवसांनी मास्तरांचा फोन आला. मी म्हटलं, "मी सांगते ना वहिनींना. मी साक्षीदार आहे."

"नको. ती म्हणेल, नाटकातली माणसं, ठरवून बोलताय. मी पुरावा शोधतोय. पडद्याचा कच्चा कागद होता, चौकटी आखलेला. तारखेसकट. घरातच कुठेतरी असेल."

पुढच्या आठवड्यात वहिनी आल्या. एकट्या. बसल्या, पाणी घेतलं नाही, मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. "हे कोपर तुमचं आहे का?"

मी चष्मा लावला. फोटोच्या कडेला अर्धा हात, त्यावर पुठ्ठ्याला सोनेरी कागद चिकटवून केलेला बाजूबंद. तो इतका खाजायचा, की दुसऱ्या अंकातल्या माझ्या निम्म्या तळमळीचं श्रेय त्याला आहे. खोटं बोलायची मला सवय होती, पण त्यासाठी मला नेहमी कुणीतरी लिहून द्यायचं. मी म्हटलं, "माझंच."

मला वाटलं, आता त्या 'असते' या शब्दाबद्दल बोलतील. पण त्यांचं दुखणं वेगळंच निघालं.

"म्हणजे जाताना ते जागोजागी थांबत होते ते भीतीने. पूल, मनोरा, सगळं. आणि मी वेडी मुलीला फोन करून सांगतेय, बाबा बदलले म्हणून."

वहिनींनी बोटांवर दिवस मोजले. मुद्रितशोधकाला साजेसं, सावकाश, एकेका गावावर थांबत. मग पुन्हा मोजले.

"येताना सात दिवस लागले," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जाताना सहा, येताना सात. येताना तर घाबरायला काहीच उरलं नव्हतं. मी बोलतही नव्हते त्यांच्याशी. तरी मनोऱ्यावर पुन्हा चढवलं मला. माझी पर्स स्वतः धरली होती."

त्यांनी पदराने चष्म्याच्या काचा पुसल्या, दोन्ही बाजूंनी. मी म्हटलं, "मग आता त्यांना सांगून टाका. तुमचं पटलं म्हणून. बिचारे तो कागद शोधतायत."

"शोधू देत की." वहिनी उठल्या, मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि दारात वळून म्हणाल्या, "बावीस वर्षं मी त्यांच्या मागे लागले होते, माळा आवरा म्हणून. परवा झाला. काल कपाटाच्या वरचं झालं. आज पलंगाखाली शिरलेत. मागची खोली तेवढी होऊ द्या, ताई. मग सांगते."