वहीतलं तेल्हाऱ्याचं पान

अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या छोट्या कंपनीत मी सोळा वर्षं एकच काम केलं. जिनिंगवाले, संत्र्याचे व्यापारी आमचं सॉफ्टवेअर घ्यायचे आणि त्याखालचा डेटाबेस मी प्रत्येकाच्या मशीनवर हाताने बसवायचो, नवी आवृत्ती आली की पुन्हा. मशिनं सगळी लिनक्सची, पण एकाची घडण दुसऱ्यासारखी नाही. कुठे डेटाबेस बसवला की आपोआप सुरू व्हायचा, कुठे आधी त्याची जागा तयार करून द्यावी लागायची. कुठलं मशीन कसं, हे माझ्या एका वहीत होतं. वरूडला दिवसभर खपायचो आणि परतताना पिशवीभर संत्री मिळायची.

मग ती कंपनीत कामाला आली. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिने एकच स्क्रिप्ट लिहिली, जी समोरची सिस्टीम स्वतः ओळखून डेटाबेस बसवायची. वरूडला माझा चहा संपायच्या आत काम झालं. व्यापारी मला म्हणाला, "साहेब, मंग तुमी इतके वर्षं दिवसभर काय करून राहिले होते?" सगळे हसले, मीही हसलो. संत्री तिच्या पिशवीत गेली. ते अजून मनातून जात नाही, याची लाज वाटते.

त्याच सुमारास अकोल्याला शाखा काढायचं ठरलं. मी अकोल्याचा, रोज अप-डाउन करणारा. मालक माझ्यादेखत म्हणाले, "तेल्हाऱ्याच्या जिनिंगवर तिची स्क्रिप्ट चालली, तर अकोला तिलेच देऊ."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. "दादा, वही देता काय? तुमाले सारं माहीत हाय, मी कावून चाचपडत बसू?"

मी वही दिली. पण त्याआधी तेल्हाऱ्याचं पान फाडून घेतलं. तिथल्या मशीनची मूळ डिस्क लहान होती, म्हणून सगळा डेटा मी दुसऱ्या डिस्कवर ठेवला होता. हे फक्त त्या पानावर होतं.

तेल्हाऱ्याला स्क्रिप्ट कुठेही अडली नाही. स्क्रिप्टने सिस्टीम ओळखली, नेहमीच्या जागी डेटा शोधला, तिथे काही नव्हतं, म्हणून नवाकोरा डेटाबेस बसवून मोकळी झाली. तिथल्या मुनीमजींनी वजनकाट्याच्या पावत्यांची यादी उघडली. रिकामी.

"मॅडम, आमचा कापूस उडाला काय?"

तिचा चेहरा उतरला. मी मागे उभा होतो, आणि त्या क्षणी मला बरं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे. मग मी पुढे झालो, दुसरी डिस्क जोडून दिली, पावत्या परत आल्या. मुनीमजींनी माझ्यासाठी चहा मागवला. मालकांना फोन तिनेच केला. "चूक माझी. दादा होते म्हणून निभलं."

अकोला मला मिळालं. आता घरापासून ऑफिस पायी दहा मिनिटं. तिने स्क्रिप्ट सुधारली. स्क्रिप्ट आता आधी सगळ्या डिस्क तपासते. त्या ओळीशेजारी तिने टीप लिहिली: "तेल्हाऱ्याची अडचण दादांनी सोडवली." मीही आता तीच स्क्रिप्ट वापरतो. चार महिने ती टीप वाचत होतो. शेवटी एका दुपारी अमरावतीला गेलो आणि ते पान तिच्यासमोर ठेवलं.

तिने ते वाचलं. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"मालकाले सांगतलं काय?"

"नाही."

"मंग मले सांगून काय फायदा, दादा?" तिने पान माझ्याकडे सरकवलं आणि कामाला लागली.

दोन दिवसांनी स्क्रिप्टची नवी प्रत आली. टीप बदलली होती: "ही नोंद वहीत नव्हती."

मालक दर सोमवारी अकोल्याला येतात. या सोमवारी पान त्यांच्यापुढे ठेवायचं आहे. मागच्या सोमवारीही ठेवायचं होतं.