रशीदभाईंनी सांगितलेला निरोप

ही गोष्ट माझ्या तोंडून कधीच बाहेर पडलेली नाही. वहिनी होती तोवर तिला सांगितली नाही. नाना गेला, शेवटपर्यंत मी त्याच्या उशाशी होते — त्यालाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा गप्प राहायचा आता वीट आला असेल.

नाना म्हणजे माझा मोठा भाऊ. जळगावात डाळीची दलाली करायचा. आईवडील लवकर गेले, त्यामुळे मी त्याच्याच घरी वाढले. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले. पगाराचं पाकीट आणून वहिनीच्या हातात द्यायचं, ते कुणी मागितलं नव्हतं — तसं आपोआप ठरून गेलं होतं. घर त्यावरच चालायचं. दलालीचं काय, आज आहे, उद्या नाही.

आणि लग्न? बघायला लोक यायचे ना. पोहे खायचे, हसून बोलायचे, नाना त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला जायचा. त्यानंतर त्यांच्याकडून काही नाही. "त्यांना गोरी पाहिजे होती," नाना सांगायचा. पुढच्या वेळी, "पत्रिका जमली नाही." मी आरशात बघून माझ्याच रंगाला, माझ्याच उंचीला दोष द्यायचे. पस्तिशी उलटली, आणि लोक यायचे थांबले.

त्याच सुमारास नानाने गाडी घेतली. अँबॅसिडरच्या आधीची लँडमास्टर — चोपड्याच्या एका डॉक्टरांकडे गोठ्यात पडून होती. कोंबड्या बसायच्या तिच्यात. ट्रकमागे बांधून आणली तेव्हा गल्ली हसली. पण नानाला वेड लागलं होतं. सकाळी दात घासताना तो तिच्याभोवती फिरायचा. मोतिया रंग दिला, गाद्या नव्या शिवल्या. कुणाच्या पगारातून, ते सांगायला हवं का? मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरंच नव्हतं. त्याला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं मी.

मग एके दिवशी मी एस.टी.ने धुळ्याहून परत येत होते. पारोळ्याला एक म्हातारी चढली, शेजारी बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तू जळगावना नानानी बहीण ना वं माय? आमना भाचासाठे तुले देखाले येल व्हतूत आम्ही." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "आते कसं शे? ते फिट येणं थांबनं का?"

"कसल्या फिट?"

"तुना भाऊनीच सांगं ना, बाजूले लई जाईसन. भला माणूस. काही दपाडं नही त्यानी."

बाजूला नेऊन सांगितलं, काही लपवलं नाही म्हणे. मला जन्मात कधी फिट आलेली नाही. साधी चक्कर नाही. आणि तो लोकांना कोपऱ्यापर्यंत सोडायला जात होता — दर वेळी! जळगाव येईपर्यंत मी एकेक चेहरा आठवत होते. निंभोऱ्याचा मास्तर. शिरपूरचा तो लाजरा, ज्याने माझ्याकडे बघून पाण्याचा पेला सांडला होता. ते सगळे माझी कीव करत गेले होते.

घरी आले तर नाना अंगणात, फडक्याने गाडीचा दिवा पुसत होता. "शालू, चहा टाक गं. रशीदभाईंनाही."

मी चहा टाकला. का नाही विचारलं तेव्हाच? विचारलं असतं तर तो रडला असता. वहिनी पाया पडली असती. मग मला माफ करावं लागलं असतं. आणि मला माफ करायचं नव्हतं. मला त्याचं काहीतरी मोडायचं होतं — जसं माझं मोडलं होतं.

रशीदभाई म्हणजे मिस्त्री. अजिंठा रस्त्याला त्यांचं स्वतःचं छोटं गॅरेज होतं, पण आमची गाडी चालत नव्हती म्हणून तेच घरी यायचे. तिचा मागचा धुरा, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा दांडा, तडकला होता. तसला मिळेना, म्हणून धुळ्याच्या भंगारबाजारातून अँबॅसिडरचा आणला होता. तो बसवायचा, ब्रेकही सगळे नवे टाकायचे, असं काम चाललेलं. कितीतरी दिवस गाडीचं मागचं अंग ओंडक्यांवर उचललेलं होतं.

मग एका दुपारी गाडी चारही चाकांवर उतरली. नाना बाजारात, वहिनी माहेरी. माझी सकाळची ड्यूटी संपलेली. रशीदभाईंनी रॉकेलने हात धुतले आणि ओट्याशी आले.

"ताई, धुरा बसला. पण ब्रेकचा पाइप जोडापाशी गळतोय. जोरात दाबला की सगळं तेल जाईल. मी धुळ्याहून दुसरा घेऊन येतो. हँडब्रेकची तारही राहिलीये. नानांना सांगा, मी येईपर्यंत गाडी हलवायची नाही."

"सांगते," मी म्हणाले.

तेव्हा मी सांगणार होते. निदान मला तसं वाटतं. आता कोण ठरवणार?

नाना आला तो हार आणि नारळ घेऊनच. गाडी जमिनीवर उभी बघून त्याचा चेहरा — काय सांगू तुम्हाला. पन्नाशीला आलेला माणूस, पण नवा सदरा मिळालेल्या पोरासारखा दिसत होता.

"झाली? रशीदभाई काही बोलले का?"

"नाही," मी म्हणाले. "झाली म्हणाले."

इतकं सोपं होतं ते. दिवसभर लोकांचे फोन जोडून देणारी मी. माझ्या आवाजात काही हललंसुद्धा नाही.

त्याने नारळ फोडला. हार घातला. आणि मग दार उघडून धरलं — माझ्यासाठी. "बस शालू. पहिली चक्कर तुला."

"तूच जा," मी म्हणाले. "दूध तापवायचंय."

आमच्या फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत उतार होता. उताराच्या तळाशी डाळ मिलची दगडी भिंत. मुलींची शाळा सुटायची वेळ झाली होती, त्या सगळ्या त्याच उतारावरून जायच्या. हेही मला माहीत होतं. ते डोक्यात आलं आणि मी पातेलं गॅसवर ठेवलं.

फाटकापाशी त्याने एकदा ब्रेक दाबून पाहिला असावा. गाडी थांबली, तो मोठ्याने हसला. मग आवाज दूर गेला. हॉर्न वाजला — एकदा, दोनदा, मग वाजतच राहिला. मग भिंत.

दूध वर येत होतं. मी गॅस बंद केला आणि मगच बाहेर गेले.

मुली वाचल्या, हॉर्न ऐकून गटारीत उड्या टाकल्या त्यांनी. त्यात माझं काही पुण्य नाही. नानाचा खुबा मोडला होता, गुडघ्याचा चुरा झाला होता.

संध्याकाळी रशीदभाई आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा पाइप. आमच्या दारात गल्ली जमलेली, हवालदारही होता. कुणीतरी त्यांची कॉलर धरली.

"मी सांगून गेलो होतो!" ते म्हणाले. "चाकांना विटाही लावल्या होत्या. ताईंना विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. रशीदभाईही माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती — ताई आहेत, ताई सांगतील.

"नाही," मी म्हणाले. "मला काही सांगितलं नाही. विटाबिटा नव्हत्या तिथे."

इथे मी तुमच्यापासूनही एक गोष्ट दडवली होती. विटा होत्या. ते गेल्यावर मी एकेक करून काढल्या आणि न्हाणीमागे नेऊन टाकल्या. नाना यायच्या आधी. म्हणजे मी सांगणार होते, असं जे मघाशी म्हणाले, ते खोटं आहे.

त्यांना लोकांनी मारलं. ते दिवस असे होते, की रशीद हे नाव असलेल्या माणसाला मारायला फार कारण लागत नव्हतं. "मुद्दाम केलं असेल," असंही कुणी बोललं. मी ओट्यावर उभी होते. पुढे केस झाली, गिऱ्हाईक तुटलं, गॅरेजला कुलूप लागलं. ते गाव सोडून गेले, एवढंच कानावर आलं.

नाना पुन्हा काठीशिवाय चालला नाही. त्याचा पाय मी चोळायचे, रोज. लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी. एकदा तेल लावताना मी विचारलं, "नाना, मला फिट येतात का रे?"

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाला, "तू गेली असतीस तर आमचं कसं झालं असतं?"

मी पाय चोळत राहिले. त्या पायाचं मला वाईट वाटलं नाही. तेव्हा नाही, आजही नाही. तुम्हाला ऐकायला बरं वाटावं म्हणून वेगळं कशाला सांगू?

पुढे काही वर्षांनी धुळ्याला गेले होते. स्टँडजवळ पंक्चरचं दुकान, तिथे एक पांढऱ्या दाढीचा माणूस ट्यूब पाण्यात बुडवून बघत होता. दुकान दुसऱ्याचं, मालक त्याला अरेतुरे करत होता. त्यानेच मला आधी ओळखलं. उठला, स्टूल पुसलं.

"बसा ताई. नानांचा पाय कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हणाले.

त्यांनी फडक्याला हात पुसले. मग हळू आवाजात, जणू त्यांचीच काही चूक असावी तसं विचारलं, "ताई, राग नका मानू. त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं होतं ना? आणि विटा... इतकी वर्षं आठवतोय. आता मलाच वाटायला लागलंय, की मीच विसरलो असेन. पोरांनाही तसंच सांगतो."

आजूबाजूला आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. हवालदार नव्हता, गल्ली नव्हती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"मला काही आठवत नाही, रशीदभाई," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. जळगावची गाडी लागली होती. मी उठले आणि जाऊन खिडकीपाशी बसले.