आईच्या कांद्याचं बी

आबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्या श्रावणात आईही गेली. महाळुंग्याचं घर चुलतभावाला राहायला द्यायचं ठरलं, म्हणून दसरा झाल्यावर ते रिकामं करायला आम्ही दोघं जमलो. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, शेजारच्या गावात दिलेली. आणि मी पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात लागलेला. तिथं मी बाटल्या धुण्याच्या खात्यात होतो. गावात मात्र ‘औषधं बनवतो’ एवढंच सांगून ठेवलं होतं.

आक्काने आल्या आल्या सांगून टाकलं की भांडी, गोधड्या, पाट, काय हवं ते तू ने. मला फक्त आईच्या कांद्याचं बी दे. आई दर साली निवडक कांदे लावून स्वतःचं बी धरायची. तिचा कांदा दिवाळीपर्यंत टिकायचा. आक्काकडे दोन वर्षं बाजारच्या बियाला नुसते फुलाचे डेंगळे आले होते, कांदा पोसलाच नव्हता, आणि रोप टाकायचे दिवस तर आठवड्यावर आलेले. मी म्हटलं, सापडेल की, जातंय कुठं?

ती गोधड्या घेऊन नदीवर गेली. भांडी मी आईची आठवण म्हणून पाहुण्यांना वाटायची ठरवली होती; मला वाटलं, ती जरा लखलखीत असावीत. धुण्याच्या बाबतीत मी काही ऐरागैरा नव्हतो. पण चूल बंद, त्यामुळे राख नाही. शोधता शोधता उतरंडीत शेणामातीने तोंड लिंपलेलं एक गाडगं मिळालं. फोडलं तर आत चाळलेली, मऊसूत राख. जाता जाता आई माझ्यासाठी राखसुद्धा चाळून ठेवून गेली, या विचाराने माझे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनीच घासायला बसलो. राखेत काहीतरी काळं कचकचत होतं, पण डागांना ते असं धरत होतं की काय सांगू! हंडा, दोन घागरी, परात, सगळे तांबे घासले.

आक्का परत आली. भांडी बघून खूश झाली. मग तिला गाडग्याच्या खापऱ्या दिसल्या. तिने मोरीतली चिमूटभर राख बोटांत चोळून पाहिली.

“किडू नये म्हून बी राखंत ठेवत्यात,” ती हळू म्हणाली. “तुला ठावं न्हाई व्हय रं?”

ठाऊक होतं, तीच तर पंचाईत. लहानपणी त्या गाडग्याचं तोंड लिंपायला शेण मीच आणून देत असे.

तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती मोरीपाशी बसून चिखलातून दाणे वेचू लागली. मीही बसलो. तासाभरात चमचाभर निघाले, तेही बहुतेक भरडलेले. आक्का पदराने नाक पुसत होती.

कुंपणावरून शेजारच्या नानीने विचारलं, काय हरवलं? मी खरं ते सांगितलं. म्हातारी हसता हसता कुडाला टेकली. मग घरात गेली आणि फडक्यात बांधलेलं मूठभर बी घेऊन आली. आई दरवर्षी बी धरलं की नानीला देत असे. आणि एकट्या नानीलाच नाही. नानीकडून बातमी पसरली आणि ऊन उतरेपर्यंत आणखी पाच घरांतल्या बाया पदरात थोडं थोडं घेऊन आल्या. दोघी-तिघी तर मुख्यतः मला बघायला आल्या होत्या, हेही लपून राहिलं नाही. आक्का प्रत्येकीला म्हणत होती, तुमच्या वाफ्याला कमी पडेल. नानीने बी तिच्या हातात ठेवून मूठ मिटवली.

“तुझ्या आईचंच हाय ते. आमी नुसतं संबाळलं.”

आक्काने त्या बियाची पुरचुंडी बांधली आणि मला हातही लावू दिला नाही. मी उठलो आणि पाहुण्यांसाठी घासलेली भांडी त्या सहा घरांत पोचवून आलो. पाहुण्यांना काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं. आईने गावात एवढं पेरून ठेवलं होतं, ते मला तिचं घर मोकळं करताना कळलं, तेही माझ्या गाढवपणामुळे.

नानीच्या वाट्याला मोठा हंडा आला. तिने तो उतरत्या उन्हात धरून आतबाहेर नीट पाहिला.

“घासलाय मातुर झ्याक,” ती म्हणाली.