मळीचा टँकर

पेडगावच्या शेतातली विहीर आजोबांनी खोदली. गावच्या विहिरीवर ओंजळ धरून उभं राहावं लागलेला तो माणूस. पुढं त्याच्याच विहिरीवर सगळं गाव यायला लागलं. शेजारच्या मराठा घरातल्या काकू रोज घागर भरून न्यायच्या, याच पाण्यात डाळ लवकर शिजते म्हणायच्या. मग चहा घेऊन, तासभर बसून जायच्या. वडिलांचा सगळा तोरा त्या विहिरीत होता.

दोन वर्षांमागं मी ऐकलं, की मळीपासून स्पिरिट काढल्यावर उरलेलं काळं पाणी साखर कारखाना ऊसवाल्यांना खत म्हणून देतोय. फुकट ते पौष्टिक! वडील नको म्हणत होते. पण मी सेलूला शाळेत शिकवतो, म्हणजे अक्कल माझीच जास्त. मी हट्टानं टँकर मागवला.

तो आला नेमका पावसानंतर. काळ्या रानात चाक रुतेल म्हणून ड्रायव्हर पुढं जाईना, अन् पक्की वाट फक्त विहिरीपर्यंत. त्यानं तिथंच पाइप सोडला. मी बघत उभा राहिलो, वर त्याला चहाही पाजला.

महिन्याभरात विहिरीचं पाणी त्या चहाच्या रंगाचं झालं. कुणी टँकरला दोष देतं, कुणी म्हणतं वरच्या अंगाला कारखान्याचा नालाच मुरतोय. शेतीतला एक जाणकार म्हणाला, बेतानं दिलं तर ते चांगलं खत आहे. मला सगळ्यांचंच पटतं, आणि मग काहीच कळत नाही.

लोक पाण्याला येईनात, हे समजू शकतो. पण बसायलाही येईनात. काकू रस्त्यात भेटल्या तेव्हा मी विचारलंच.

"पाण्याला वास यायलाय लेकरा, म्हणून येईना मी," त्या म्हणाल्या.

आता चहा विकतच्या जारच्या पाण्याचा करतो, या की, असं मी म्हणालो. त्या हसून हो म्हणाल्या. आल्या नाहीत. वासामुळंच ना? की इतकी वर्षं त्या पाण्यापुरत्याच येत होत्या? माझाच संशय वाईट असेल. स्वतःची लाज वाटते, तरी तो जात नाही.

परवा वडिलांचा फोन आला. आवाजात लय दिवसांनी जीव होता.

"पाणी निवळायलंय बघ. काकूला सांगू का?"

आता काकू आल्या तरी कळणार होतं, नाही आल्या तरी.

"आत्ताच नका सांगू, दादा," मी म्हणालो. "अजून थोडं थांबू."